सावतोबाच्या मळ्यातली मिरची

सावता माळी महाराजांची समाधी 1295 सालची, आमच्या करकंबहून मोडनिंबला गेलं की त्याच्या पुढच्या अरण गावातली. त्यांच्या नावावर गायला जाणारा मळ्याचा अभंग या भागात शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. मळ्यातल्या सगळ्या माळव्यात विठ्ठल पाहणारा तो अभंग, आणि त्या माळव्यात मिरचीही आहे. सालांचा हिशेब मांडला तर ती तिथे असायला नको. मिरचीचं झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडच्या बेटांवर उतरला 1492 साली आणि वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 साली. म्हणजे सावतोबांच्या समाधीनंतर दोनशे वर्षं तरी हिंदुस्थानात कुणाच्या डोळ्याला मिरची दिसलेली नव्हती.

कुणी म्हणेल, मूळ अभंगात मिरे असतील, पुढे त्याची मिरची झाली. पण मिऱ्याचा वेल अरणच्या काळ्या रानात लागत नाही, आणि जो आपल्या मळ्यातलं मोजतोय तो मलबारातलं कशाला मोजेल? मला दुसरी शक्यता जास्त पटते. तोंडी चालत आलेल्या अभंगात पुढच्या कुणा माळकऱ्याने, बहुधा स्वतः मळा करणाऱ्यानेच, आपल्या वाफ्यातलं पीक घातलं. सावतोबांचा मळा म्हणजे त्यात मिरची असणारच, असं त्याला इतकं स्वाभाविक वाटलं की आपण काही नवं घालतोय हेही त्याच्या ध्यानात आलं नसेल. एखादी परकी वस्तू या मातीत किती मुरली, याचा याहून पक्का दाखला मला माहीत नाही.

करकंबात आमची पिठाची गिरण आहे आणि तिला लागून मिरची कांडप. मार्च संपत आला की बायका मिरच्या वाळवून, देठं खुडून, पाट्या भरून आणतात. रंगाला ब्याडगी, झणक्याला गुंटूर, कुणाला संकेश्वरीशिवाय चालत नाही. सोबत धने, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, हळकुंडं; भाजून आणलेलं असलं की काळं तिखट. त्या दोन महिन्यांत आमच्या बोळात नाकाला पदर न लावता कुणी येत नाही. मी पंढरपूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर या ठसक्यात आले. दोन्हींचा मेळ बसायला बरीच वर्षं गेली. आमच्या मुलखात ना पोर्तुगिजांचं चर्च, ना त्यांचा किल्ला, ना त्यांच्या वसईहून आणलेली घंटा. नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, मेणवलीच्या घाटावर तशी घंटा आहे. आमच्याकडे ती नाही. तरी पोर्तुगिजांनी आणलेला माल मी रोज कुटते.

मिरची येण्याआधी इथली माणसं काय खात होती, याची लेखी नोंद आहे, आणि ती फार लांबची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला. आणि सोलापूरचा मुलूख त्या वेळी याच राजाचा. ग्रंथात राजाच्या मुदपाकखान्याचं मोठं प्रकरण आहे. वडे आहेत, मासे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत. तिखटपणासाठी मिरे आहेत, आलं आहे, वासाला हिंग आणि जिरं आहे. मिरची कुठेही नाही. पुढे साडेचारशे वर्षांनी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या स्वयंपाकाचं सामान वजनासकट दिलं आहे, त्यातही मिरचीचं नाव नाही.

मिरे राजाला परवडत. ते पिकतात पावसाच्या, सावलीच्या मलबारात. आमच्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. मिरे इथे बैलाच्या पाठीवरूनच यायचे, आणि वाटेतला प्रत्येक जकातनाका त्यांची किंमत वाढवायचा. ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाणाऱ्या कुणब्याच्या घरी मिरे असलेच तर औषधापुरते.

ह्याच मिऱ्यांसाठी पोर्तुगीज घराबाहेर पडले. तेव्हाचा पोर्तुगाल म्हणजे दहा-पंधरा लाख माणसांचा देश. एका बाजूला स्पेन, दुसऱ्या बाजूला समुद्र. जमीन थोडी, डोंगराळ. पोटाला मासे, ऑलिव्हचं तेल, द्राक्षाची दारू आणि पाव. युरोपात मिरे विकले जात ते अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून, म्हणतील त्या भावाने. मधला दलाल काढून टाकायचा, ही पोर्तुगालच्या राजाची इच्छा. आफ्रिकेला वळसा घालून त्यांनी ती पुरी केली. मिऱ्यांचा व्यापार राजाने स्वतःच्या हातात ठेवला, लिस्बनला त्यासाठी 'कासा द इंडिया' नावाची कचेरी चालवली. हिंदी महासागरात 'कार्ताझ' हा परवाना सुरू केला. परवान्याशिवाय जहाज दिसलं की ते लुटायचं, प्रसंगी बुडवायचं. हजारो वर्षं सगळ्यांचा असलेला समुद्र आपला आहे असं म्हणायची हिंमत आधी कुणी केली नव्हती.

हा हिशेबी, निर्दय दर्यावर्दी एक चेहरा झाला. दुसरा चेहरा सहा महिने जहाजावर बसणाऱ्या साध्या माणसाचा. मार्च-एप्रिलात लिस्बन सोडायचं आणि नशिबाने साथ दिली तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागायचं. हिरड्या सुजून, अंग कुजून कितीतरी माणसं वाटेतच जायची. मागे राहिलेल्या बायका वर्षानुवर्षं बंदराकडे डोळे लावून. त्यांच्या 'फादो' नावाच्या गाण्यात आजही ही विरहाची कळ ऐकू येते, असं तिकडचे लोक म्हणतात. त्यांचा मोठा कवी कामोंइश स्वतः 1553 साली गोव्यात आला होता. त्याचं महाकाव्य वास्को द गामाच्या सफरीवर आहे, 1572 साली छापलेलं. तो वारला 10 जून 1580ला, आणि 10 जून हाच पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस आहे. लढाईचा नाही, राज्याभिषेकाचा नाही, कवीच्या पुण्यतिथीचा दिवस त्यांनी राष्ट्राचा म्हणून धरला. संतांच्या पुण्यतिथ्यांवर वर्षाची मांडणी करणाऱ्या आमच्या पंढरपूर तालुक्याला हे समजायला वेळ लागू नये.

मिरचीची वाट 1500 साली मोकळी झाली. त्या वर्षी कब्राल हा कप्तान तेरा जहाजं घेऊन हिंदुस्थानकडे निघाला. वारा धरण्यासाठी तो अटलांटिकात इतका पश्चिमेला गेला की 22 एप्रिलला त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. पुढे सप्टेंबरात तो कालिकतला पोचला. एकाच सफरीत अमेरिका आणि हिंदुस्थान जोडले गेले. नंतर ब्राझील, आफ्रिकेचा किनारा, मोझांबिक आणि गोवा ही सगळी ठाणी एकाच राजाची झाली. खलाशांच्या शिध्याबरोबर बिया-कंद एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जाऊ लागले. अननस, पपई, पेरू, काजू, रताळं, मका, तंबाखू, मिरची. यातलं काहीही आणायचं म्हणून कुणी मोहीम काढलेली नव्हती. मोहीम होती मिऱ्यांची.

गोवा त्यांनी 25 नोव्हेंबर 1510 रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतला. जिंकणाऱ्या अल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्याच बायकांशी लग्नं करून राहायला उत्तेजन दिलं. माझ्या मते मिरचीच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, जरी तो मिरचीसाठी घेतला नव्हता. कारण त्यामुळे पोर्तुगीज माणूस गोव्यात छावणीत न जेवता घरात जेवू लागला, आणि ते घर इथल्या बाईच्या हातात होतं. तो सांगायचा, मांस दारूत आणि लसणीत मुरव. तिने दारूच्या जागी माडीचा शिरका घातला आणि वर भरपूर मिरची वाटून घातली; त्याचा विंदालू झाला. पावाला आंबवण मिळेना, तर माडीवर पीठ फुगवलं. गंमत म्हणजे पोर्तुगीज स्वतः फार तिखट खाणारे नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त लिस्बनला असतो. तो फोनवर सांगतो, "मावशी, हे लोक लसूण आणि ऑलिव्ह तेलावर जगतात. आपल्या काळ्या तिखटाची पुडी मी जिवापाड जपतो." तिकडे जी झणझणीत 'पिरी-पिरी' कोंबडी मिळते, ती चव त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींची.

गोव्याहून मिरची घाटावर चढली ती कोणाच्या फौजेबरोबर नव्हे. जुन्या मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत, म्हणजे ती कुठून आली हे लोकांना ठाऊक होतं. मीठ घेऊन घाट चढणारे आणि धान्य घेऊन उतरणारे वंजारी-लमाण, अरबी घोडे घेऊन विजापूरकडे जाणारे सौदागर, यांच्याच वाटा तिच्याही असणार. आदिलशाही आणि पोर्तुगीज एकमेकांशी लढत आणि एकमेकांशी व्यापारही करत. 1570-71 साली विजापूरकर गोव्याला आणि अहमदनगरचे निजामशाहीकर पोर्तुगिजांच्याच चौलला वेढा घालून बसले होते, तरी वेढा उठल्यावर घोड्यांचा बाजार पुन्हा भरलाच. विजापूरहून मंगळवेढ्याला येणारा रस्ताच पुढे पंढरपूरला येतो. अमेरिकेची वस्तू या वाटेने किती लवकर पोचली याचा एक पुरावा तंबाखूचा आहे. अकबराचा सरदार असद बेग 1604च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने नजराण्यात तंबाखू आणि जडावाची चिलीम नेली. आग्र्याच्या दरबाराला तंबाखूची ओळख करून दिली ती आमच्या दख्खनने. आजही इथल्या पारावर चुन्याच्या डबीशिवाय गप्पा रंगत नाहीत.

त्या काळात खुद्द एखादा पोर्तुगीज आमच्या बाजूला आला होता का? ज्याचं नाव घेता येईल असा एक आहे, गार्सिया द ओर्ता हा वैद्य. 1534 साली तो गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो हकीम होता आणि त्याच्या दरबारी जात असे. हा बुऱ्हाण म्हणजे सोलापूरच्या किल्ल्यासाठी विजापूरकरांशी आयुष्यभर भांडणारा सुलतान. ओर्ताने मुंबई बेट पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतलं होतं. 1563 साली त्याने गोव्यातच एक पुस्तक छापलं. त्यात आंबा, फणस, हिंग, भांग, धोतरा यांविषयी दोन माणसांच्या संवादातून लिहिलं आहे, आणि ते इथल्या वैद्य-हकिमांना विचारून लिहिलं आहे. ग्रीक पंडितांनी काहीही म्हणो, मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, असा त्याचा खाक्या. पण तो मूळचा ज्यू घराण्यातला. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन बसलं. ओर्ता 1568 साली वारला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आलं, आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. पोर्तुगीज स्वभावातली ही दोन टोकं एकाच माणसाच्या चरित्रात दिसतात. परक्या मातीतलं प्रत्येक झाड कुतूहलाने हातात घेऊन पाहणारं टोक, आणि शेजाऱ्याची श्रद्धा सहन न होणारं टोक.

दुसऱ्या टोकाची झळ आमच्या देवांनाही बसली. गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा नदी ओलांडून फोंड्याला गेले, कारण फोंडा तेव्हा विजापूरकरांचा होता. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या घरच्या कोणकोणत्या चाली पाळायच्या नाहीत, याची लांबलचक यादी त्यात आहे. अंगणात तुळस ठेवायची नाही, हे त्या यादीतलं एक कलम.

आणि तिकडे लिस्बनला? जून महिन्यात, आपल्या पालख्या निघायच्या सुमाराला, तिथे संत अंतोनीची जत्रा असते. 12 जूनच्या रात्री गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात, माणसं रस्त्यावर नाचतात, आणि खिडकीखिडकीत 'मांजेरिकु'च्या कुंड्या मांडतात. हे झुडूप तुळशीच्याच कुळातलं, बारीक पानाचं, गोल चेंडूसारखं वाढवलेलं. त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींचं गाणं खोचून प्रियकर प्रेयसीला देतो. त्याला नाक लावायचं नाही. तळहात अलगद फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा, असा तिकडचा दंडक. भाच्याने त्या कुंडीचा फोटो पाठवला तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी आधी विचारलं, "तुळस कुणी दिली तुला?" स्वतःच्या खिडकीत जे पुजल्यासारखं जपायचं तेच गोव्याच्या अंगणातून उपटायचं, हे करणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नसेल. राज्य करणाऱ्याला ती सहसा दिसत नाही.

उपवासाच्या बाबतीत मात्र ते आणि आपण फार लांब नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि शुक्रवार कॅथलिक माणसाने मांस खायचं नाही, अशी जुनी रीत. मग पोर्तुगिजांनी खारवून वाळवलेला कॉड मासा, 'बाकल्याउ', उपवासाला जवळ केला. तो त्यांच्या समुद्रात मिळतही नाही. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातून, अटलांटिक ओलांडून येई. नाताळच्या आदल्या रात्रीही त्यांच्या ताटात तोच असतो, बटाटे आणि कोबीबरोबर उकडलेला. उपवासाच्या दिवसांत पिठात बुडवून भाजी तळायची त्यांची सवय जपानला पोचली आणि तिथे तिचा 'तेंपुरा' झाला.

आता आपलं एकादशीचं ताट बघा. आषाढीला आमच्या भागातून दिंड्या जातात तेव्हा प्रत्येक दारात काही ना काही फराळ असतो. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, पपईची फोड. यातली भगर आपली, जुनी. दूध-तूप आपलं. बाकी सगळं अमेरिकेतलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा पेरू देशातल्या डोंगरांतला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलचा. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ राजाने 1880च्या दशकात तो दुष्काळाचं अन्न म्हणून लावायला सांगितला, आणि दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा साबुदाणा बंद पडला तेव्हा, 1943च्या सुमाराला, तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने सुरू झाले. आमटीतली हिरवी मिरची कुठली ते सांगून झालंच आहे. नामदेवांनी, चोखोबांनी एकादशी केली त्या ताटात हे अमेरिकेतलं काहीच नव्हतं.

आपल्या पूर्वजांनी हे आत कसं घेतलं? निषेध होता धान्याचा. कंद, मुळं, फळं चालत. नव्याने आलेली ही पिकं धान्यात बसत नव्हती, जुन्या याद्यांत त्यांना ना बंदी होती ना परवानगी. बायकांनी स्वयंपाकघरात निकाल दिला आणि शास्त्र्यांनी तो मुकाट्याने मान्य केला. म्हणून आजही दर घराचा कायदा वेगळा. कुणाकडे हिरवी मिरची चालते, लाल तिखट चालत नाही. कुणाकडे कोथिंबीर चालते, कुणाकडे ती वर्ज्य. आणि कोथिंबीर मात्र मानसोल्लासाच्याही आधीपासूनची आपली!

सोलापूरची शेंगाची चटणी आता देशभर जाते. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ; उखळात कुटताना तेल सुटून तिचा गोळा झाला पाहिजे, ही खूण. कडक भाकरीबरोबर ती महिनाभर टिकते. शेंगदाणे आणि तिखट काढून घ्या, उरतं लसूण-जिरं-मीठ. सोलापूर म्हटल्यावर जिची आठवण होते ती चव पाचशे वर्षांपूर्वी शक्यच नव्हती. भुईमूग तर इथे शेतांशेतांत पसरला तो एकोणिसाव्या शतकात, तेलाच्या मागणीमुळे.

मिऱ्यांवर पोर्तुगिजांना मक्तेदारी करता आली, कारण मिरे ठरावीक मुलखातच पिकत आणि तिथली बंदरं त्यांच्या तोफेखाली होती. मिरचीवर कुणालाच करता आली नाही. एक वाळकी मिरची मोडली की हातावर पन्नासेक बिया पडतात. परसात टाकल्या तरी उगवतात, चार महिन्यांत फळ देतात, आणि त्याच फळात पुढच्या साली लावायच्या बिया असतात. तिला परवाना लागला नाही, दलाल लागला नाही. जे राजाच्या ताटात होतं ते कुणब्याच्या भाकरीवर आलं. ज्या व्यापारासाठी पोर्तुगालने अर्ध्या जगाशी वैर केलं, त्या व्यापारातल्या मिऱ्यांच्या तोडीचा तिखटपणा त्याच्याच जहाजांनी गरिबाला फुकट वाटला.

श्रेय मात्र मी सगळं जहाजांना देणार नाही. जहाजातून आलं ते बी. ब्याडगीच्या सुरकुत्या, संकेश्वरीची लांबी, लवंगीचा टोचरा तिखटपणा हे जहाजात नव्हतं. दर हंगामात चांगलं फळ बाजूला काढून त्याचं बी राखणाऱ्या इथल्या माळ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी ते घडवलं, पिढ्यान् पिढ्या. त्यांच्यातलं एकही नाव कुठे लिहिलेलं नाही. त्यांनी आपली सही केली असेल तर ती सावतोबांच्या अभंगात, मिरचीच्या रूपाने.

हे काम अजून थांबलेलं नाही. आमच्या जिल्ह्यात आता ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या राहिल्यात. हा निवडुंगही अमेरिकेचाच. गेल्या कार्तिकीला कांडपावर आलेल्या एका आजीबाईंना सुनेने विचारलं, "आत्याबाई, हे उपासाला चालतं का?" आजीबाईंनी ते गुलाबी फळ हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "झाडाला लागतंय न्हवं? मग चालतंय."